टेस्टोस्टेरॉनची सुई: तपासणीपासून वर्षभराच्या अहवालापर्यंत

मला टेस्टोस्टेरॉनचा उपचार सुरू होऊन वर्ष उलटून गेलं. वय ४३. सुरुवातीला या विषयावर जे जे कानावर आलं, त्यात दोनच सूर होते. एक म्हणायचा, हे घेतलं की माणूस पुन्हा पंचविशीत जातो. दुसरा म्हणायचा, हे घेतलं की हृदय आणि प्रोस्टेट दोन्ही हातचे जातात. मधल्या माणसासाठी, म्हणजे ज्याच्या शरीरात हे हार्मोन खरोखरच कमी आहे आणि ज्याला पुढे काय करायचं ते कळत नाही त्याच्यासाठी, फारसं कुणी बोलत नव्हतं. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहितोय.

सुरुवात झाली ती हिमोग्लोबिनपासून. जानेवारीतल्या नेहमीच्या रक्ततपासणीत ते १२.१, म्हणजे कमी आलं. लोह, बी-१२ आणि थायरॉइड या तिन्ही तपासण्या नॉर्मल होत्या. रक्त कुठून जातंय याचाही शोध घेऊन झाला, काही सापडलं नाही. मग आमच्या फॅमिली डॉक्टरांनी असे प्रश्न विचारले की मी क्षणभर गप्पच झालो. दाढी पूर्वीइतकीच वाढते का? सकाळी उठताना लिंगाला ताठरता असते का? शारीरिक संबंधांची इच्छा कधीपासून कमी झाली? दुपारी डोळे मिटतात का? या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे होती, पण ती एकत्र ठेवून मी कधी पाहिली नव्हती. दाढी दिवसाआड केली तरी चालत होती. इच्छा तर दोनेक वर्षांत इतकी हळूहळू ओसरली होती की मी आणि बायकोने ती कामाच्या ताणाच्या आणि वयाच्या खात्यावर टाकून दिली होती.

वयाचं म्हणाल, तर इथेच पहिला गैरसमज आहे. तिशी-चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्का या वेगाने उतरतं हे खरं. पण हा उतार इतका मंद असतो की निरोगी माणसाची पातळी सत्तरीतही नॉर्मल राहू शकते. त्रेचाळिसाव्या वर्षी ती तळाला गेली असेल तर 'वय झालं' हे उत्तर पुरेसं नाही, कारण शोधावं लागतं. उलट बाजूही तेवढीच खरी. थकवा, चिडचिड, सुटलेलं पोट ही लक्षणं झोप कमी असली, नैराश्य असलं, मधुमेह असला तरी येतात. नुसत्या लक्षणांवरून कुणी 'तुमचं टेस्टोस्टेरॉन कमी आहे' म्हणून औषध लिहून द्यायला लागलं, तर तिथून उठावं.

पहिली तपासणी मी ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळी दिली. आकडा आला २४१ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. अनेक ठिकाणी ३०० च्या खाली 'कमी' धरतात, त्यामुळे मला वाटलं निदान झालं. डॉक्टरांनी तो अहवाल बाजूला ठेवला. हे हार्मोन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. त्यामुळे रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं आणि ते दोन वेगवेगळ्या दिवशी. आदल्या रात्री जागरण नको. ताप, मोठं आजारपण, ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर तपासणी पुढे ढकलायची, कारण आजारात पातळी तात्पुरती पडते. अफूपासून बनलेली वेदनाशामकं आणि स्टेरॉइडच्या गोळ्याही ती पाडतात. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगायचं, काही यंत्रांवर त्यामुळे आकडा चुकतो.

फेब्रुवारीत दोन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने दिले. १८८ आणि २०३. आता शंका उरली नव्हती. पण एक अडचण वेगळीच आली. पुढे विम्याकडे कागद पाठवले तेव्हा ते परत आले, कारण एका अहवालावर नमुना घेतल्याची वेळ छापलेलीच नव्हती. अहवाल तयार झाल्याची वेळ होती, दुपारी साडेतीन. ती वाचून कुणालाही वाटावं की रक्त दुपारी घेतलंय. लॅबमध्ये दोन चकरा मारल्या तेव्हा दुरुस्त प्रत मिळाली. तेव्हा अहवाल हातात घेतानाच नमुन्याची वेळ आणि एकक दोन्ही बघून घ्या. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटरमध्ये आकडा देतात. तिथे १०.४ म्हणजे इकडचे ३००. एका मित्राला '९' हा आकडा पाहून धडकी भरली होती, प्रत्यक्षात तो मर्यादेच्या थोडासाच खाली होता.

आणि जाड माणसांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटलेलं असतं, मोकळं असतं ते जेमतेम दोन टक्के. वजन जास्त असलं की त्यातलं एक प्रथिन कमी होतं आणि एकूण आकडा खाली दिसतो, पण मोकळा भाग ठीक असू शकतो. अशा वेळी मोकळं टेस्टोस्टेरॉन मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नये. शिवाय वजन उतरवलं तर पातळी आपोआप चढते, हे अनेकांच्या बाबतीत खरं ठरतं.

याच सुमारास जिममधला एक जण मला म्हणाला, "अरे, एवढ्या तपासण्या कशाला करत बसतोस? एक कोर्स मार, मग बघ!" तो मनापासून सांगत होता. पण त्याचा 'कोर्स' आणि माझा उपचार या दोन गोष्टींमध्ये जमीनअस्मानाचं अंतर आहे. शरीर बनवण्यासाठी घेतले जाणारे डोस नैसर्गिक पातळीच्या कित्येक पट असतात. उपचारात फक्त निरोगी माणसाच्या मधल्या पातळीपर्यंत आणायचं असतं. एकाचे दुष्परिणाम दुसऱ्याच्या माथी मारले जातात आणि एकाच्या पिळदार दंडांची आशा दुसऱ्याला लावली जाते.

मार्चमध्ये एन्डोक्रायनॉलॉजिस्टची, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळाली. वाट पाहण्यात महिना गेला. त्यांनी आधी पिट्युटरीची हार्मोन्स मागवली होती, एलएच आणि एफएसएच. हे समजून घेणं मला सगळ्यात उपयोगी पडलं. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच सोडते, त्या हुकमावर वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवतात. टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की पिट्युटरी हुकूम कमी करते. आता टेस्टोस्टेरॉन कमी आहे आणि एलएचही कमी किंवा जेमतेम आहे, तर बिघाड वरच्या बाजूला. मग प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन तपासतात, कधी पिट्युटरीचा एमआरआय काढतात. तिथे लहानशी गाठ निघाली तर उपचार पूर्ण वेगळा असतो. माझं एलएच १७ होतं, एफएसएच २६. दोन्ही चढलेले. म्हणजे वरून हुकूम जोरात सुटत होते, खालीच काम होत नव्हतं.

तपासताना डॉक्टरांनी खणातून एक माळ काढली. अंड्याच्या आकाराचे मणी, लहानापासून मोठ्यापर्यंत ओवलेले, प्रत्येकावर मिलिलिटरचा आकडा: १, २, ३ करत शेवटी २५. एका हाताने वृषण चाचपायचं, दुसऱ्या हातात माळ धरून त्या मापाचा मणी शोधायचा. प्रौढ पुरुषात साधारण १५ च्या पुढचे मणी जुळतात. माझं उजवं १२ ला जुळलं, डावं ६ ला. त्यांनी विचारलं, "तरुणपणी गालगुंड झालं होतं का?" झालं होतं, अठराव्या वर्षी. गालावर सूज होती तसंच खालीही दुखत होतं, आठवडाभर नीट चालता येत नव्हतं. घरात त्याबद्दल कुणी बोललं नाही, मीही नाही. वयात आल्यावर गालगुंड झालं तर विषाणू वृषणांवरही उतरू शकतो आणि पेशी कायमच्या निकामी होऊ शकतात. इतक्या वर्षांनी कारण कळलं तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी मोकळं वाटलं. मी आळशी झालो नव्हतो, माझं बायकोवरचं प्रेम कमी झालं नव्हतं.

मला वाटलं आता चिठ्ठी मिळणार. त्याऐवजी प्रश्न आला: "आणखी मूल हवं आहे का?"

हा प्रश्न पहिल्या डोसच्या आधी प्रत्येकाला विचारला गेला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि तो विचारला जात नाही अशी उदाहरणं मला माहीत आहेत. लोकांचा समज असा असतो की टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषत्व, ते वाढलं की मूल होण्याची शक्यताही वाढणार. घडतं नेमकं उलटं. बाहेरून हार्मोन आलं की पिट्युटरीला वाटतं भरपूर आहे आणि ती आपले हुकूम थांबवते. एलएच आणि एफएसएच दोन्ही तळाला जातात. वृषणांमधलं स्वतःचं उत्पादन बंद पडतं आणि शुक्राणू तयार होणं कमी होतं किंवा थांबतं. बाहेरचं हार्मोन आतल्यात भर घालत नाही, आतल्याची जागा घेतं. जागतिक आरोग्य संघटनेने याच गुणावरून पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून आठवड्याला २०० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनचा अभ्यास केला होता. १९९० साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले होते. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्याला सहा महिने ते वर्षही लागतं, काहींना त्याहून जास्त, आणि सगळ्यांचे येतीलच याची खात्री कुणी देत नाही. अर्थात म्हणून याच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबायचंही नाही.

ज्यांचा बिघाड पिट्युटरीकडे आहे आणि ज्यांना मूल हवं आहे त्यांच्यासाठी वेगळी औषधं आहेत, वृषणांना चालना देणारी: एचसीजीची इंजेक्शनं, काही जणांना क्लोमिफिन. माझ्या बाबतीत चालना देऊन फारसं काही होणार नव्हतं, हुकूम आधीच कमाल पातळीवर होते.

आम्हाला एक मुलगी आहे, चार वर्षांची. ती होण्याआधी बरीच वाट पाहावी लागली होती, त्याचंही कारण आता समजलं. त्या रात्री बायको म्हणाली, "आज ठरवायला नको. पण दार बंद करून टाकू नको." म्हणून एप्रिलमध्ये वीर्यतपासणी केली. दर मिलिलिटरला ३० लाख शुक्राणू निघाले. संदर्भ म्हणून धरली जाणारी खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. कमी होते, पण होते. आम्ही ते गोठवून ठेवायचं ठरवलं.

या टप्प्यावर कागदपत्रं बरीच लागतात. आधी दोघांच्या रक्ताच्या तपासण्या, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. त्या आल्याशिवाय नमुना घेत नाहीत. मग संमतिपत्र, त्यात एक रकाना असा की माझा मृत्यू झाला तर नमुन्यांचं काय करायचं. तिथे पेन थांबलं. तो रकाना घरी बसून, बोलून भरा. काउंटरवर उभं राहून भरण्याचा तो विषय नाही. नमुन्याआधी दोन ते सात दिवसांचा संयम सांगतात, आणि संख्या कमी असल्याने माझे नमुने एकाहून जास्त वेळा घेतले गेले. खर्चाचा हिशोब करताना गोठवण्याची फी एकदाच असली तरी साठवणुकीचं भाडं दरवर्षी येतं हे धरा, आणि नूतनीकरणाची आठवण कुणाच्या फोनवर येणार ते लिहून द्या. आम्ही बायकोचा नंबर दिला. या सगळ्यात मे संपला. उपचार लांबला म्हणून मी अस्वस्थ होतो, पण आज विचाराल तर ते दोन महिने थांबणं सर्वांत शहाणपणाचं होतं.

दरम्यान दादाने फोन करून काळजी व्यक्त केली होती. आमच्या वडिलांची प्रोस्टेट वाढलेली आहे, आणि 'टेस्टोस्टेरॉनने प्रोस्टेटचा कॅन्सर होतो' हे त्याने पक्कं धरलं होतं. हा समज हवेतून आलेला नाही. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं की पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये टेस्टोस्टेरॉन काढून घेतलं तर रोग मागे हटतो. हगिन्सना पुढे १९६६ मध्ये नोबेल मिळालं. पण 'काढल्यावर कमी होतो' यावरून 'दिल्यावर निर्माण होतो' असं निघत नाही. प्रोस्टेट कॅन्सर असलेल्याला हा उपचार सहसा देत नाहीत, हे आजही खरं आहे. म्हणून आधी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन तपासतात, प्रोस्टेट तपासतात. माझं पीएसए ०.८ आलं. वडिलांची वाढ कॅन्सरची नाही, तरीही डॉक्टरांनी ती नोंदवून घेतली.

हृदयाबद्दल त्यांनी 'ट्रॅव्हर्स' नावाच्या अभ्यासाचा आधार दिला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५,२०० हून अधिक पुरुष होते. ४५ ते ८० वयाचे, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७ टक्के निघालं, तुलनेसाठी प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेला पण तसाच दिसणारा पदार्थ, घेणाऱ्यांत ७.३. म्हणजे मोठी भीती खरी ठरली नाही. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात रक्ताची गुठळी जाणं, मूत्रपिंडाला अचानक इजा होणं हे औषध घेणाऱ्यांत थोडं जास्त दिसलं. हाडं मोडण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त होतं, जे कुणालाच अपेक्षित नव्हतं. मला हे सगळं सांगितलं गेलं याचा मला आधार वाटला. 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्या डॉक्टरपेक्षा असे डॉक्टर बरे. घोरणं विचारलं, रक्तदाब पाहिला. स्लीप अॅप्नियाचा (झोपेत मध्येच श्वास थांबण्याचा) त्रास असेल तर तो आधी सांभाळावा लागतो.

मग जेल की इंजेक्शन? जेल रोज सकाळी खांद्यावर लावायचं, पातळी सारखी राहते, नको वाटलं तर लगेच थांबवता येतं. पण ते लावलेली त्वचा दुसऱ्याला लागली तर औषध त्यांच्या अंगात जातं, आणि लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना त्याने खरा अपाय होतो. माझी मुलगी दिवसातून कितीदा तरी खांद्यावर चढते. त्यामुळे मी लांब पल्ल्याचं इंजेक्शन निवडलं, टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट, १००० मिलिग्रॅम. दुसरा डोस सहा आठवड्यांनी, नंतर दहा ते चौदा आठवड्यांनी एकदा. जुन्या प्रकारची इंजेक्शनं एक-दोन आठवड्यांनी घ्यावी लागतात, ती स्वस्त पडतात, पण त्यात पातळी वर चढते आणि खाली येते, काहींना मूडही तसाच वरखाली जाणवतो.

१२ जूनला पहिली सुई घेतली. चार मिलिलिटर तेलकट, घट्ट द्रव. नर्सने कुल्ल्यावर सुई टोचून तो अगदी सावकाश, दोन मिनिटं घेत सोडला. टोचल्याचं दुखलं नाही, आत भरत जाणारा दाब जाणवला. नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, कारण क्वचित तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात जाऊन खोकला किंवा धाप लागते. मला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बसताना ती बाजू दुखत होती. त्या दिवशी लांबचा प्रवास ठेवू नका.

पहिला आठवडा मी स्वतःला सारखा तपासत होतो. काहीच बदललं नाही. महिन्याभरात इच्छा परत यायला लागली, आधी सकाळच्या ताठरतेच्या रूपात. दाढी पुन्हा रोज करावी लागली. हिमोग्लोबिन तीन महिन्यांत १३.९ झालं आणि जिना चढताना तो फरक मला खरा वाटला. थकवा मात्र निम्माच गेला. २०१६ च्या मोठ्या चाचण्यांमध्येही, पासष्टीपुढच्या पुरुषांत, लैंगिक बाबतीत मध्यम फायदा दिसला होता आणि उत्साहाच्या बाबतीत फारच थोडा. माझी झोप कमी होती, ती औषधाने भरून निघणार नव्हती. स्नायूही व्यायाम केल्याशिवाय आले नाहीत. आणि फक्त ताठरतेचा त्रास असलेल्यांनी हे लक्षात घ्या की त्याचं कारण बरेचदा रक्तवाहिन्यांमध्ये असतं. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल असताना ते घेऊन तो सुटत नाही.

राग वाढेल ही बायकोची भीती होती. ऑगस्टमध्ये मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "उलट आता तू ऐकून घेतोस. आधी नुसता हो हो म्हणायचास." कमतरता भरून काढण्याच्या डोसमध्ये माणूस आक्रमक होत नाही असंच अनुभवाला आलं. पाठीवर मुरमं आली, ती दोन महिन्यांत ओसरली. वृषणं आणखी थोडी लहान झाली. हे होणारच असतं, आधी सांगितलेलं असलं की घाबरायला होत नाही.

खरं लक्ष ठेवायचं ते हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के आहे त्यावर. टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी वाढवतं. माझ्यासाठी ते सुरुवातीला वरदान होतं, पण मार्चमध्ये हिमॅटोक्रिट ५१ वर गेलं. ५४ ओलांडलं तर औषध थांबवावं लागतं, कारण रक्त घट्ट होतं. माझं दोन डोसमधलं अंतर अकरावरून तेरा आठवडे केलं, पाणी आणि झोप यांबद्दल पुन्हा विचारलं. पुढच्या अहवालात ते ४८ आलं. ही तपासणी तीन ते सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी करायची असते, सोबत पीएसए. पहिल्या वर्षात पीएसए १.४ पेक्षा जास्त वाढलं तर यूरोलॉजिस्टकडे पाठवतात. टेस्टोस्टेरॉनची पातळी या इंजेक्शनमध्ये पुढच्या डोसच्या अगदी आधी मोजायची. दुसऱ्या दिवशी मोजली तर आकडा छान दिसेल, उपयोग शून्य.

'बरं वाटलं की बंद करता येईल का' असं मला बरेच जण विचारतात. माझ्या बाबतीत नाही, कारण वृषणं पूर्ववत होणार नाहीत. ज्यांचं कारण लठ्ठपणा किंवा एखादं औषध आहे त्यांचा रस्ता वेगळा असू शकतो. पण कुणीही मनाने बंद करू नये. बाहेरचं थांबल्यावर आतलं लगेच जागं होत नाही, मधले आठवडे फार वाईट जातात.

शेवटच्या दोन कामाच्या गोष्टी. अनेक देशांत हे नियंत्रित औषध आहे, त्यामुळे परदेशी जाताना डॉक्टरांचं पत्र, मूळ चिठ्ठी आणि खोक्यावरचं लेबल सोबत ठेवा. पत्रावर औषधाचं शास्त्रीय नाव, डोस आणि निदान हवं. आणि स्पर्धात्मक खेळात उतरत असाल तर सुई घेण्याआधी संघटनेला विचारा. टेस्टोस्टेरॉन बंदी असलेल्या पदार्थांत आहे आणि वैद्यकीय सूट मिळवण्यासाठी तेच सगळे कागद लागतात: सकाळचे दोन अहवाल, एलएच, एफएसएच आणि कारण. मी सगळ्याची एक फाइल केली आहे, तारखेप्रमाणे, आणि फोनमध्येही प्रती ठेवल्या आहेत. नव्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारायच्या आत ती फाइल त्यांच्यासमोर ठेवली, आणि एकही तपासणी पुन्हा करावी लागली नाही.